उद्या ब्यूलाच्या मागून

जोसाया: आणि हे बर्फजोडे तू चुलीपाशी ठेवलेस?

नोरीन: बर्फ लागलं होतं, दादा. म्हटलं, वाळतील.

जोसाया: बर्फ वितळलं, वाद्या भिजल्या. बोट लाव, बघ. जाळी झोळीसारखी लोंबतेय. कॅरिबू हरणाचं कातडं आहे ते, लोकरीचे मोजे नव्हेत. आपल्या पाड्यात चार वर्षांचं पोरसुद्धा जोडे झाडून बाहेर टांगतं.

नोरीन: चार वर्षांची असताना मला कुणी सांगितलं असतं, तर मीही टांगले असते.

जोसाया: झालं. उद्या तू स्नोमोबाईलवर बस.

नोरीन: उद्या माझी नात ब्यूला पहिल्यांदा बर्फजोडे घालून तंबूबाहेर पडणार. रीतीनं आजी तिच्या मागून चालते. मागून गाडीवर बसून येत नाही.

जोसाया: सकाळी अंगणातच तीनदा आडवी झालीस.

नोरीन: चारदा. एकदा तू आत चहा घ्यायला गेला होतास.

जोसाया: साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. सगळा पाडा जमेल, नोरीन. लोक हसतील.

नोरीन: हसतील त्यांचे दात दिसतील. वाद्या सुकल्या की आवळतात ना?

जोसाया: आवळतात. छपराखाली वाऱ्यावर टांग, कुत्र्यांचं तोंड पोचणार नाही इतकं उंच. रातोरात खाऊन टाकतात मेली.

नोरीन: टांगते. आणि नाहीच सुकले, तर तुझे दे.

जोसाया: माझे पुरुषाचे. तुझ्या कमरेएवढे लांब.

नोरीन: मग लांब पावलं टाकीन.

जोसाया: लांब नकोत. तुझं चुकतं ते तिथंच. पाय फाकवून बदकासारखी चालतेस, मांड्या भरून येतात. एक जोडा दुसऱ्याच्या कडेवरून उचलून पुढे टाकायचा. आणि पायांकडे बघायचं नाही.

नोरीन: मग कुठं बघू?

जोसाया: पोरीकडे. तिनं दाबलेल्या वाटेवर पाय टाक. पडलीस तर आधी गुडघ्यावर ये, हात बर्फात खुपसू नकोस.

नोरीन: एवढं ठाऊक होतं, तर सकाळपासून नुसत्या शिव्या का देत होतास?

जोसाया: (कोपऱ्यातली पेटी उघडत) तू पडलीस की मला बघवत नाही. आईची आठवण येते. हे घे.

नोरीन: केवढेसे आहेत. ब्यूलासाठी केलेस?

जोसाया: तुझे आहेत. लाकूड बाबांनी वाकवलं, जाळी आईनं विणली, लाल गोंडेही तिचेच. तू अशीच तंबूबाहेर पडणार होतीस त्याच आठवड्यात विमान आलं आणि तुला क्षयाच्या दवाखान्यात दक्षिणेला घेऊन गेलं. आईनं जोडी एकत्र बांधून ठेवली. तू चौदाची होऊन परतलीस, तेव्हा पाय मावण्यासारखा राहिला नव्हता. तिनं कधी बाहेर काढलीच नाही.

नोरीन: (जोडी मांडीवर घेत) गोंडे अजून लालच आहेत.

जोसाया: ब्यूलाला होतील. उद्या मी गाडी मागं ठेवू का? दमलीस तर?

नोरीन: ठेव. तुझंही वय झालंय.

जोसाया: बरं. आण, गाठ सोडून देतो. आईची गाठ आहे, घट्ट असेल.

नोरीन: हात लावू नकोस. ती मी सोडणार.