गुडघ्याएवढ्या उंचीवरचं बटण

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको एकाच मोबाईलवर विकाऊ घरांचे फोटो बघत बसले होते.

"हे बघ, कपाटाच्या आरशात फोटो काढणाराच दिसतोय. पोट आत ओढून!"

"अहो, घर बघा. तो नाही घ्यायचाय विकत."

"बरं. इथे फ्रिज उघडायचा तर आधी स्वयंपाकघराचं दार लावावं लागेल. पुढचं."

"सकाळपासून तुमचं पुढचं, पुढचं चाललंय. महिनाअखेरीला भाड्याची जागा सोडायचीय, लक्षात आहे ना?"

"आणि हे काय? बाथरूमच्या दिव्याचं बटण गुडघ्याएवढ्या उंचीवर! वायरमन काय आडवा पडून काम करत होता?"

"आडवा कशाला पडेल? घरात लहान मूल असेल. रात्री उठलं तर त्याचं त्याला दिवा लावता यावा म्हणून."

"असं होय."

"आपल्या चिमीलाही बरं पडेल. रोज रात्री तुम्हाला उठवते म्हणून तुम्हीच कुरकुरता. लावू का फोन त्यांना?"

"लाव. पण आधी विचार, बटण वर घेता येईल का."

"आता त्यात काय खोट काढलीत?"

"खोट नाही गं. बटण खालीच राहिलं, तर मग ती मला कशाला उठवेल?"