टाकीला खरकटं कमी पडतं

...आणि वर मलाच विचारतात, "तुमच्याकडे खरकटं का नाही?" आता बोला! तुम्हाला सांगतो, उभा जन्म कँटीनच्या भटारखान्यात गेला. भात कच्चा राहिला म्हणून लोकांनी मला विचारलंय, चहा गार झाला म्हणून विचारलंय, पण लोक ताटात टाकत का नाहीत म्हणून झाडाझडती घेणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला. ताटं लख्ख होऊन परत येतात, यात माझा काय दोष?

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल ह्याचं डोकं फिरलंय. फिरलंच आहे, पण रीतसर सांगतो. आमचा पंखे तयार करायचा कारखाना, त्याचं कँटीन माझ्याकडे. मागच्या दाराशी, जिथे मी बटाट्याची पोती ठेवायचो नेमकी तिथेच, एक दिवस ही भली मोठी पोलादी टाकी येऊन बसली. पोती गेली जिन्याखाली. टाकीबरोबर एक मॅडम आल्या, संशोधन करणाऱ्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बोलणं इतकं गोड की पोत्यांवरून भांडायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

त्यांनी मला समजावून सांगितलं. खरकटं बारीक करायचं, पाणी घालायचं, टाकीत ओतून झाकण घट्ट लावायचं. आत जंतू असतात, ते हवा न लागता खरकटं खातात आणि हायड्रोजन वायू सोडतात. त्या वायूवर आपली सामानाची गाडी चालणार, धूर नाही, मागून नुसतं पाणी टपकणार. मी मनात म्हटलं, खायचं आणि वायू सोडायचा, म्हणजे हुबेहूब आमचे सासरे... फक्त त्यांच्यावर अजून कुणी गाडी चालवलेली नाही. तोंडाने मात्र म्हटलं, "वा, छानच की."

आता गंमत बघा. मॅडम बादली घेऊन ताटं धुवायच्या जागेशी उभ्या. लोक येतायत, ताटं ठेवतायत. बादलीत काय पडतंय? लिंबाची बी. मिरचीचं देठ. आमचा वेल्डर, हा एवढा धिप्पाड गडी, त्याने तर मॅडमच्या देखत पावाच्या तुकड्याने ताट असं पुसून काढलं की ते परत कपाटात ठेवलं असतं तरी चाललं असतं. मॅडम म्हणाल्या, निदान बटाट्याची सालं तरी द्या. सालं? सालं आम्ही कुरकुरीत तळतो हो, त्यांच्यावरून तर रांगेत भांडणं होतात! ताटं लख्ख होऊन परत येतात, यात माझा काय दोष?

इकडे जंतू उपाशी. मुख्य कचेरीतून पाहुणे येणार, गाडी चालताना बघणार, आणि नाही चालली तर मॅडमचं काम बंद. हे त्यांनी मला भटारखान्याच्या पायरीवर चहा पिताना सांगितलं, अगदी सहज, पण कपावरून नजर काही उचलली नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, पातेलंभर भात देतो, घाला टाकीत. तर काय म्हणाल्या?

"काका, खायचं अन्नच घालायचं असतं, तर ही टाकी कशाला केली असती मी?"

मी भाताचा विषय तिथेच मिटवला.

पण साहेब विषय मिटू देतील तर ते साहेब कसले! बोलावलं केबिनमध्ये, दार लावून घेतलं आणि (त्यांचा आवाज असा नाकातून येतो) म्हणाले, "हे बघा... जरा चव कमी करा." जशी काही चव म्हणजे पंख्याचा वेग, बटण फिरवलं की झाली कमी! नोकरीचा प्रश्न, मॅडमचाही प्रश्न. तुम्हाला सांगतो, मी मान फिरवून आमटीत मूठभर जास्तीचं मीठ टाकलं. नंतर भाजीत. बघवत नव्हतं मला.

आणि मग खिडकीआड उभा राहिलो. वेल्डरने पहिला घास घेतला, थांबला, शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने माझ्याकडे. कुजबुज झाली... आणि सगळे खाली मान घालून जेवायला लागले. घासाघासाला पाणी पितायत, डोळ्यांत पाणी येतंय, पण जेवतायत. शेवटी वेल्डर रिकामं ताट घेऊन आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना, काका? काही असलं तर सांगा, आम्ही आहोत." मला वाईट वाटू नये म्हणून संपवलं हो त्यांनी सगळं! मी भांडी घासायच्या निमित्ताने आत जाऊन रडलो. ताटं लख्ख होऊन परत आली, यात माझा काय दोष?

बरं, वरच्या मजल्यावरच्या हिशेबवाल्यांना एवढी माया नाही. त्यांनी टाकलं. साहेबांनी स्वतः उभं राहून ती बादली टाकीत ओतायला लावली. आणि मीठ काय करतं? माणसांनी गोड मानून घेतलं, पण जंतूंना सोसेना. पाहुण्यांच्या दिवशी वायूचा काटा जागचा हलेना. साहेब फीत लावलेल्या गाडीत बसलेले, मागून आमची माणसं ढकलतायत. मागून पाणी टपकत होतं, नाही असं नाही, पण ते ढकलणाऱ्यांच्या घामाचं.

मॅडमनी टाकीतलं पाणी तपासलं, माझ्याकडे आल्या. मी मिठाचं सांगून टाकलं, साहेबांसकट. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि हे माणसांनी खाल्लं?" मी मान हलवली. त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

तर दोष टाकीचा नाही, मिठाचा, हे पाहुण्यांना पटलं आणि आता टाकी गेलीय मुख्य कचेरीच्या कँटीनमध्ये. तिथला आचारी असा आहे की दुपारपर्यंत बादल्या भरून वाहतात. जंतू धष्टपुष्ट, गाडी पळतेय, मॅडमचं काम वाचलं, मला खरंच आनंद आहे. पण त्या आचाऱ्याचा भिंतीवर फोटो लावलाय, खाली लिहिलंय 'आदर्श आचारी'. आणि सोमवारपासून साहेब मला पाठवतायत... त्याच्या हाताखाली, शिकायला.

जाईन. नोकरी आहे. डबा मात्र घरून नेईन.