झेंड्याच्या दोरीचा त्रिकोण

रेवसच्या धक्क्यावर धुक्यात लाँचची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर मिठागरातलं एक कुटुंब बसलेलं. बाप मुंबईला गोदीत कामाला निघालेला, त्याच्या मांडीवर पहिलीतली रंगू, पलीकडे आई.

“बा, काल बाईंनी झेंड्याची दोरी सोडून आनली. टोकांना गाठ मारली नि तिघींच्या हातात दिली. तीन कोपरं, म्हून त्रिकोण.”

“नि चौघींनी धरली तर?”

“चौकोन. आपल्या मिठाच्या वाफ्यावानी.”

“व्हय की.”

“मंग आमच्या तिघींतली कमळ दोरी धरून लांब लांब गेली. मी म्हनलं, आता त्रिकोण न्हाय, काटा झाला. सगळी हसली.”

“बाई काय म्हनल्या?”

“लांबुडका झाला तरी कोपरं तीनच हायत, त्रिकोणच हाय तो. पन आये, कमळ लांब गेली तवा आमाला दोघींना जवळ सरकाया लागलं.”

“हं.”

“बा, तिनं दोरी सोडली असती तर?”

“तर काय?”

“दोघींचा आकार होत न्हाय. नुसती दोरी ऱ्हाते.”

“न्हाय सोडायची ती.”

“भोंगा झाला. रंगू, बाच्या मांडीवरनं उतर. ये, माझ्याजवळ सरक.”