भिंत कोणाच्या घरामागची पाडली

मी, वय ३९, धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देणे, राहणार ओढ्याकाठची जुनी वस्ती, वरच्या अंगाचे शेवटचे घर. वस्तीत मला इस्त्रीवाली वहिनी म्हणतात. चौकीत आपण होऊन आले आहे व समक्ष सांगते ते असे :

माझा नवरा माती खोदायच्या मशीनवर चालक आहे. आमच्या घरांच्या रांगेमागून ओढा जातो. पूर्वी वरती शेते होती, तेव्हा पाणी रानातच मुरायचे आणि ओढ्याला सावकाश यायचे. आता टेकडीपर्यंत प्लॉट व सिमेंटचे रस्ते झाल्याने सगळे एकदम येते. त्यात नव्या सोसायटीने पलीकडच्या काठाने लांब भिंत घातली व ओढा दोन पाइपांत कोंबला. पाइप तुंबले की पाणी भिंतीला अडून वस्तीत शिरते.

मंगळवारी दुपारी जोराचा पाऊस होऊन तसेच झाले. माझ्या घरात गुडघाभर पाणी आले. गिऱ्हाइकांची गाठोडी मी टेबलावर चढवली व नवऱ्याला फोन केला. तो "आलोच" म्हणाला. थोड्या वेळाने मशीन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. मी दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिले. नंतर मशीन खालच्या अंगाला वळली.

खालच्या अंगाला शेवटी शिवणवालीचे घर आहे. ती व तिची अंथरुणाला खिळलेली आई अशा दोघीच राहतात. माझ्या लग्नाआधी माझ्या नवऱ्याचे तिच्याशी ठरत आले होते. का मोडले ते मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. तिच्याकडे माझे जाणे-येणे नाही. ब्लाउज मी बाजारातून शिवून घेते.

मी मागल्या दाराने ओट्यावर चढले. तिथून तिचे घर सरळ दिसते. पाणी तिच्या छातीला लागले होते. ती खिडकीत आईचे डोके दोन्ही हातांनी वर धरून होती. हात सोडता येत नसल्याने ती ओरडत होती, पण ओरडणे पावसात ऐकू येत नव्हते. माझ्या नवऱ्याने मशीनने तिच्या घरामागची भिंत पाडली. पाणी सोसायटीच्या तळघरात शिरले. तिथल्या गाड्या बुडाल्या, हे खरे आहे. मग त्याने उतरून म्हातारीला खांद्यावर घेतले. अंगातला रेनकोट काढून शिवणवालीला दिला. तो रेनकोट मी त्याला घेऊन दिलेला आहे. अद्याप परत आलेला नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींचे म्हणणे, कोणाचा जीव धोक्यात नव्हता, चालकाने आकसाने भिंत पाडली. माझ्या नवऱ्याने काल इथे सांगितले की, स्वतःचे घर बुडत होते म्हणून पाडली. ही दोन्ही म्हणणी खोटी आहेत. आमच्या घरासाठी पाडायची तर आमच्या मागची पाडली असती. तो आमच्या घरी आलाच नाही. घरचं झालं थोडं, अशी त्याची पहिल्यापासून गत आहे.

काल रात्री जेवताना मी त्याला विचारले, खोटे का सांगितलेस. तो म्हणाला, "तुझ्या कानावर नको म्हणून." मी म्हटले, मी ओट्यावर उभी होते. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "तू सावरून घेशील हे मला माहीत होतं. तिला कोण आहे?"

मी ताट उचलले. माझ्या घरात अजून ओल आहे व गिऱ्हाइकांचे कपडे डागाळले आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तीतली बाकी माणसे शाळेच्या गच्चीवर गेली होती. पाहणारी मी एकटीच होते, म्हणून सांगायला आले. मला कोणी पाठवलेले नाही. नवऱ्याला माहीत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. शेवटी "भिंत पाडल्याने शिवणवाली व तिची आई यांचा जीव वाचला" असे लिहिले आहे. म्हातारीचा वाचला एवढेच लिहा, असे मी सांगितले. हवालदारांनी विचारले, दुसरी बुडाली असती की नसती? मी म्हटले, बुडाली असती. लिहिले आहे ते तसेच राहू द्यावे. ते बरोबर आहे.