पिंजऱ्याखालची टकटक

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या! दुसऱ्यावर आळ आला — आणि तो खोटा आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नुसते गप्प बसलात! मग पाप कोणाचं? ...ऐका तर!

खाडीकाठचं एक गाव. तिथली सुगंधा कुबल. नवरा हरेश खाडीच्या मुखाशी मासे धरायला गेला — होडी परत आली, हरेश नाही! देहसुद्धा मिळाला नाही हो. कपाळ पुसलं, पण मन कसं पुसायचं?

अशात सरकारची योजना आली. साहेब आले! साहेब आले की गावात काय होतं? खुर्चीची शोधाशोध, आणि चहात दुप्पट साखर! हसता काय? तुमच्याकडे वेगळं होतं का? साहेब म्हणाले, "बायकांनी गट करा. तरंगता पिंजरा देतो, जिताड्याची पिल्लं देतो. खाडीत मासे पाळा. जगले तर आणखी पिंजरे. मेले तर योजना दुसऱ्या गावाला!"

पिंजरा लागला कुठं? खाडीच्या मुखाशी! बारीक मासळी कुटून खाद्य करायचं सुगंधाच्या धाकट्या जावेनं, प्रमिलेनं. ते घालायला बायकांनी पाळीपाळीनं जायचं.

सुगंधाची पाळी. भर दुपार. वारा नाही, लाट नाही, पाणी तेलासारखं थिजलेलं. ती फळीवर ओणवी झाली — आणि पायाखालून... टक्. टक्. टक्! पिंजरा तरंगता ठेवणाऱ्या पिंपावर कुणीतरी खालून बोटं वाजवतंय! हरेश घरी आला की कडी नाही वाजवायचा. असंच ठोकायचा!

तुम्ही पळाला असता. मी तर धोतर तिथंच टाकून पळालो असतो! ती नाही पळाली. वाकून हळूच म्हणाली, "भूक लागली?"

आवाज थांबला!

तिनं खाद्याची बादली पिंजऱ्याबाहेर, काळ्या पाण्यात ओतली. खाद्य पसरलं नाही, तरंगलं नाही. सरळ खाली गेलं — कुणी ओढून घ्यावं तसं.

मग दुसऱ्यांच्या पाळ्याही ती मागून घेऊ लागली. जिताडे सुकले, मरू लागले. बायका चवताळल्या, "खाद्य जाता खय?" विधवेवर संशय घ्यायला जीभ उचलेना. बोट गेलं प्रमिलेकडे! पुरावा काय? तिच्या कोंबड्या गुबगुबीत!

"मी चोरूक नाय गो! वयनी, तू तरी सांग!"

वयनी जमिनीकडे बघत राहिली. प्रमिलेला गटातून काढलं.

दुसऱ्या सकाळी खाडीवर दाट धुकं. सुगंधा अंगण झाडत होती. आणि जमिनीखालून — टकटकटकटक! खाडी केवढी लांब, आणि आवाज पायाखाली! घाबराघुबरा, घाईचा! झाडू टाकून ती धावली. किनाऱ्यावर प्रमिलेची होडी नाही. हिनं आपली लोटली. धुक्यात हात दिसेना. आवाज पुढं, ही मागं!

पिंजऱ्याशी रिकामी होडी हेलकावे खात होती. प्रमिला पाण्यात! खाद्य जातं कुठं ते बघायला आली आणि घसरली. लुगडं जाळ्यात, दोन्ही हात जाळ्यात, तोंड तेवढं वर. सुगंधानं होडीतल्या कोयतीनं लुगडं कापलं, तिला ओढून घेतलं.

"वयनी, तुका कसा समाजला? माझो आवाजच फुटत नव्हतो."

"तू ठोकत होतंस ना?"

"कशान ठोकतलंय? हात अडाकलेले! पण खालसून माका कोणीतरी वर धरून ठेवलेला..."

सुगंधानं पाण्याकडे पाहिलं. पाणी स्तब्ध.

त्याच दिवशी सगळ्या गटासमोर ती उभी राहिली. "खाद्य मीच पाण्यात ओतलंय. प्रमिलान काय करूक नाय. माका ठावक आसान मी गप रवलंय!"

प्रमिला गटात परतली. सुगंधानं आपली पाळी सोडली. ती जाळी विणून देऊ लागली. साहेबांनी उरलेले मासे पाहिले, आणखी एक हंगाम दिला. मासे जगले! टकटकीचं ऐकून साहेब म्हणतात, लाटेनं पिंप वाजतं. वाजत असेल! लाट नसतानाही वाजत असेल! त्यानंतर कुणी तो आवाज ऐकला नाही. सुगंधा मात्र अजून झाडताझाडता थांबते.

ते काय होतं, मला विचारू नका. मी विचारतो ते सांगा! तुमच्या घरात, भावकीत, कुणी खोटा आळ वाहतंय का? खरं तुमच्या तोंडात अडकलंय का? आता नामाचा गजर करायचा आहे. पण ज्यांना या क्षणी कुणी आठवलं, त्यांनी गजरासाठी बसू नका. उठा, चपला घाला, जा! देव थांबेल हो — ते माणूस किती वेळ तग धरेल, सांगता येत नाही!