नव्या बादलीचं कॉस्टिक

पहिल्यांदा काय खटकलं सांगू? घनता मोजायची काचेची कांडी. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती रोज वीसच्या खुणेपर्यंत बुडायची, आज त्याखालच्या तिसाच्या खुणेवरच अडून तरंगत होती. जळगावच्या तेल गिरणीत केमिस्ट म्हणून माझा तो दुसराच आठवडा. भोंगा वाजला तरी मी दचकायचे. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

द्रावण बनवणाऱ्या मिस्त्रीआबांना विचारलं, तर ते हसले. "ताई, तुमनी कांडी बी तुमनासारखी घाबरट शे, बुडाले घाबरस! आठ बादल्या पाणी मी सोता मोजीसन टाकं." आणि सरकीचं तेल तापलं की ते शुद्ध करायला त्यात कॉस्टिक सोडायचं, म्हणून ते टाकीवर चढलेसुद्धा.

द्रावणाचा जोर तपासायला मी ॲसिडची मोजनळी, ब्युरेट, भरली. ॲसिड रोजच्या पावणेदोनपट लागलं. पुन्हा करून पाहिलं, तेवढंच. मग नळाखाली नजर गेली. बादली नवी होती, जुनीच्या जेमतेम निम्मी!

असलं जहाल कॉस्टिक पडलं असतं, तर चांगल्या तेलाचाही साबण झाला असता, नि माझी नोकरी गेली असती ती वेगळीच. मी धावत बाहेर आले नि बोंबलले, "आबा, कॉस्टिकचा वाल बंद करा!" मोटरच्या घरघरीत ते विरून गेलं. मग जीव खाऊन ओरडले, "आबा, बादली बदललीय! पाणी निम्मंच पडलंय!"

मोटर थांबली. वरून आबांचा आवाज आला, एकदम मऊ.

"वाल बंद शे, ताई. एक थेंब बी नही गया. आते कितलं पाणी टाकू, ते तुम्हीच सांगा."