सिस्टरबाईंचा स्वतःचा पाय

सन्माननीय अध्यक्ष मोठे डॉक्टर, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी आणि समोर एकेक पाय वर घेऊन बसलेल्या माझ्या शुगरवाल्या भावंडांनो, सर्वांना नमस्कार. उभं राहून बोलायची रीत आहे, पण सिस्टरबाई "बसून बोला" म्हणाल्या. ऐकते, उशिरा का होईना.

पायांच्या विभागातल्या या बाई आज निवृत्त होताहेत. एकतीस वर्षं त्यांनी वाकून लोकांचे तळवे पाहिले. आमची तोंडं लक्षात राहिली असतील की नाही, देव जाणे!

मला अक्षरओळख नाही, पण त्यांचा शाईचा कागद मला वाचता येतो. त्यावर उभं राहिलं की जिथे भार जास्त तिथे काळं उमटतं. माझ्या अंगठ्याखाली बटणाएवढा डाग आला. त्यांनी मऊ चपला करवून दिल्या. म्हणाल्या, घरातही घाला. आता इतक्या चांगल्या चपला घरात कोण झिजवतं? मी त्या कपाटात ठेवल्या. दवाखान्यात येताना तेवढ्या घालायची. तिसऱ्या खेपेला बाईंनी चप्पल उलटी करून पाहिली, तळ नवाकोरा.

"आजी, तुम्ही उडत येता का?"

"मी हळू चालते हो."

त्या हसल्या नाहीत. अंगठ्याखाली जखम चिघळली होती आणि मला पत्ताच नव्हता. पाय बधिर, अक्कल त्याहून. अंगठा गेला. पट्टी बांधताना बाई एवढंच म्हणाल्या, "सांगून सांगून दमले मी." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मागच्या महिन्यात पाहिलं, तर बाईच लंगडत होत्या. त्यांनाही शुगर आहे, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? म्हटलं, "चढा कागदावर."

"अहो, बाहेर रांग आहे."

"रांगेतलीच आहे मी. थांबते."

चढल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! चवड्याखाली माझ्यापेक्षा मोठा डाग. कागदाची घडी करून खिशात टाकली आणि म्हणाल्या, "निवृत्त झाले की बघू."

बाई, झालात निवृत्त. उद्या नव्या सिस्टरांकडे पहिला नंबर तुमचा लावलाय. मान डोलावू नका, ती आम्हीही डोलावत होतो.

मला बोलू दिलंत, आपले उपकार. म्हातारीचं काही वेडंवाकडं गेलं असेल तर मंडळींनी पोटात घालावं. बाईंना मात्र सूट नाही. सकाळी नऊला या.